माळावरची पायवाट

डोंगराशी माझी पहिली ओळख सेमिनरीत झाली. वार्षिक परीक्षा आटोपल्या की आमचे रेक्टर आम्हां पस्तीस-चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन सह्याद्रीतील एखाद्या गडावर निघत. चढताना शिखराकडे पाहू नये, पुढच्याच्या टाचेकडे पाहावे, एवढाच त्यांचा उपदेश असे. आम्ही तो ऐकत नसू. कोण आधी पोहोचतो याचीच आम्हांला घाई. पुढे गुरुदीक्षा झाली, धर्मग्रामांतून बदल्या होत गेल्या आणि डोंगर हौसेचा न राहता कामाचा झाला. ज्या धर्मग्रामात आज मी आहे, त्याच्या अकरा पाड्यांपैकी तीन पाड्यांना पावसाळ्यात पायी जाण्यावाचून गत्यंतर नसते. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या उजव्या गुडघ्याला ही गोष्ट मान्य नाही. पण गुडघ्याला विचारून काम नेमण्याची प्रथा आपल्या धर्मप्रांतात अद्याप सुरू झालेली नाही.

हा लेख मात्र आपल्याकडील डोंगराविषयी नाही. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या यॉर्कशर भागात मी एक चढ चढलो आणि एक माळ ओलांडला. वाट मोजून दहा-बारा किलोमीटरांची होती. गिर्यारोहकांना तिचे काहीच वाटणार नाही. मला ती अजून पुरी उतरता आलेली नाही.

त्या उन्हाळ्यात चार आठवड्यांसाठी तेथील एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून जाण्याची संधी मला मिळाली होती. तेथील फादर रजेवर गेले होते. मलाही हवापालटाची गरज आहे, असे सर्वांचे म्हणणे पडले. मी निघालो तेव्हा माझ्या सामानात एक ओझे असे होते की ज्याचे वजन विमानतळावरील काट्यावर भरत नाही. त्याविषयी पुढे सांगेन.

दुसऱ्याच रविवारी मिस्सेनंतर सूचना वाचताना माझ्या हाती एक चिठ्ठी आली. धन्यवादित निकोलस पोस्टगेट यांच्या स्मरणार्थ एग्टन ब्रिज येथून लिटलबेकपर्यंत पदयात्रा. ज्यांना यायचे असेल त्यांनी भक्कम बूट आणि पावसाळी अंगरखा आणावा. चिठ्ठी वाचून झाल्यावर मंडळी माझ्याकडे पाहू लागली. धर्मगुरूने सूचना वाचावी आणि स्वतः घरी बसावे हे शोभणारे नव्हते. मी होकार दिला.

निकोलस पोस्टगेट हे नाव आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर चढले. साधारण त्याच सुमारास यॉर्कशरच्या माळरानालगत, एग्टन ब्रिज परिसरात पोस्टगेट यांचा जन्म झाला. इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरू होणे हा त्या काळी गुन्हा होता. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेऊन देशात परतणाऱ्या धर्मगुरूला राजद्रोही ठरवले होते, आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही देहान्त शिक्षा होती. यॉर्क शहरातील मार्गारेट क्लिदरो या गृहिणीने धर्मगुरूंना घरात लपवले म्हणून १५८६ साली तिचा प्राण घेण्यात आला. अशा काळात पोस्टगेट समुद्र ओलांडून फ्लँडर्समधील दुए येथील सेमिनरीत गेले, १६२८ साली त्यांची गुरुदीक्षा झाली आणि १६३० साली ते मायदेशी परतले. प्रथम काही वर्षे त्यांनी श्रद्धावान घराण्यांच्या आश्रयाने सेवा केली आणि उतारवयात ते आपल्या जन्मभूमीच्या माळावर परत आले. अगथॉर्प गावाजवळ एका साध्या झोपडीत ते राहत आणि तेथून वस्त्या-वस्त्यांना पायी जात. फेरीवाला किंवा माळी अशा वेषात ते फिरत, अशी आठवण तिकडे सांगतात. त्या खोऱ्यात वसंत ऋतूत फुलणारी रानटी डॅफोडिल्स त्यांनीच लावली, असेही लोक मानतात.

एग्टन ब्रिजचे संत हेडा यांच्या नावाचे चर्च १८६७ साली पूर्ण झालेले आहे. त्याच्या बाहेरील भिंतीवर प्रभूच्या जीवनातील प्रसंगांची रंगीत शिल्पे आहेत आणि आत पोस्टगेट यांच्या काही वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. सकाळी तेथे प्रार्थना करून आम्ही चौदा जण निघालो. आमच्यात केरळच्या एक परिचारिका आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा होता. दोन फिलिपिनो भगिनी, गवंडीकाम करणारा एक धिप्पाड पोलिश तरुण, निवृत्त शिक्षक पती-पत्नी आणि आणखी काही वयस्क इंग्रज मंडळी होती. वाट दाखवणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. गावोगाव, घरोघर फिरून रुग्णांची शुश्रूषा करणारी परिचारिका म्हणून त्यांनी याच माळावरच्या वस्त्यांतून आयुष्यभर नोकरी केली होती. त्यांच्या हातात नकाशा होता, पण त्यांनी तो दिवसभरात दोनदाच उघडला.

आरंभीचा रस्ता एस्क नदीच्या काठाने जातो आणि अगदी सपाट आहे. पूर्वी तो खासगी टोलरस्ता होता. जुन्या टोलघरावर दरांचा फलक अजून लावलेला आहे. घोडागाडीला किती, मोटारीला किती, इतकेच काय, शववाहिनीलाही किती ते त्यावर लिहिलेले आहे. ‘इकडे मेल्यावरही टोल चुकत नाही,’ असे निवृत्त शिक्षक म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. ग्रोसमाँट गावात वाफेच्या इंजिनाची गाडी फाटकातून जाईपर्यंत थांबलो. बारा वर्षांच्या त्या मुलाने इंजिनचालकाला हात केला. तोवर सहल कशी असावी तशी ती चालली होती.

ग्रोसमाँट ओलांडले आणि रस्ता एकदम उभा राहिला. रस्त्याकडेच्या पाटीवर चढाचे प्रमाण दिले होते, तीनास एक. म्हणजे तीन पावले पुढे गेल्यावर एक पाऊल उंची. नदीकाठापासून माळापर्यंतची उंची सुमारे अडीचशे मीटर. आपल्याकडच्या एखाद्या गडाची ती अर्धीही नव्हे. परंतु गडाच्या वाटेला वळणे असतात, खडक असतात, झाडाच्या सावलीत टेकायला जागा असते. हा डांबरी रस्ता नाकासमोर सरळ वर जात होता. कोठेही थांबले तरी मागचा-पुढचा प्रत्येक जण आपल्याला पाहू शकतो, अशी ती वाट होती.

येथे माझा अहंकार आडवा आला. मंडळी हळूहळू चालत होती ती माझ्यासाठीच, हे ध्यानात येताच मी म्हणालो, ‘तुम्ही व्हा पुढे, मी जपमाळ म्हणत मागून येतो.’ जपमाळ हे निमित्त होते. माझे लंगडणे कोणाच्या दृष्टीस पडू नये ही खरी इच्छा. मंडळी पुढे गेली. पहिल्या गूढानंतर मला श्वास पुरेना. दुसऱ्या गूढाशी गुडघ्यात सुई टोचल्यासारखे होऊ लागले. तिसऱ्यापर्यंत मी जपमाळ खिशात ठेवली आणि रस्त्याकडेच्या दगडी कुंपणाला धरून चालू लागलो. वर पाहिले की चढ संपलेला दिसे. तेथे पोहोचलो की पुढे आणखी तेवढाच चढ दिसे. आमच्या रेक्टरांचा उपदेश तीस वर्षांनी आठवला, पण ज्याच्या टाचेकडे पाहावे असा कोणी आता माझ्यापुढे नव्हता. त्यांना मीच घालवून दिले होते.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा तेरा माणसे वाऱ्यात कुडकुडत वीस मिनिटे माझी वाट पाहत बसलेली होती. कोणी काही बोलले नाही. वाट दाखवणाऱ्या बाईंनी थर्मासमधला चहा माझ्या हाती दिला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘फादर, माळावर माझा एक नियम आहे. ज्याची चाल सर्वांत मंद, तो माझ्या पाठोपाठ पहिला. बाकी सगळे त्याच्या मागे. मागे राहिलेले माणूस धुक्यात हरवते.’ तेव्हापासून दिवस संपेपर्यंत मी दुसऱ्या क्रमांकावर चाललो. वेदीसमोरील मिरवणुकीत धर्मगुरू शेवटी चालतो, तो मानाचा म्हणून. येथे मी पुढे होतो, तो दुबळा म्हणून. खरे सांगायचे तर या पुढे चालण्यानेच मला अधिक शिकवले.

माळ म्हणजे काय ते आता सांगितले पाहिजे. आपल्या कोकणातील सडा किंवा साताऱ्याजवळचे कासचे पठार ज्यांनी पाहिले आहे, त्यांना थोडी कल्पना येईल. नजर पोहोचेल तेथवर झाड नाही. ऑगस्टमध्ये हेदर नावाचे गुडघ्याएवढे झुडूप फुलते आणि सारा प्रदेश जांभळा होतो. इंग्लंडमधील हेदरच्या माळरानांत हा नॉर्थ यॉर्क मूर्सचा विस्तार सर्वांत मोठा मानतात, आणि १९५२ सालापासून तो राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. पण हे रान आपोआप झालेले नाही. हजारो वर्षांपूर्वी येथे अरण्य होते. माणसाने ते तोडले, गुरे चारली, जमिनीचा कस गेला आणि झाडे परत आली नाहीत. आजही जुने हेदर पट्ट्यापट्ट्याने जाळतात, म्हणजे कोवळे फुटवे येतात आणि मेंढ्यांची व ग्राउस पक्ष्यांची सोय होते. पायाखाली पीट नावाची काळी, भिजलेली माती असते. वरून ती घट्ट दिसते, पण भलत्या जागी पाऊल पडले तर पोटरीपर्यंत आत जाते. पोलिश तरुणाचा एक बूट असाच तिने गिळला आणि त्या मुलाने तो दोन्ही हातांनी उपसून काढला.

ग्राउस हा तितराच्या जातीचा, तांबूस अंगाचा पक्षी. पावलाची चाहूल लागली की हेदरमधून एकाएकी फडफडत उठतो आणि घोगऱ्या आवाजात ओरडतो. तेथील लोक म्हणतात, तो ‘परत जा, परत जा’ असे सांगतो. बाईंनी हे सांगितल्यानंतर मला दुसरे काही ऐकूच येईना.

स्लाइट्स मूरच्या उंचवट्यावरून ईशान्येला समुद्राची रेघ दिसली आणि तिच्या अलीकडे व्हिटबीच्या मठाचे भग्न अवशेष. संत हिल्डा यांनी ६५७ साली स्थापन केलेला हा मठ. ईस्टरचा दिवस कोणत्या गणनेने ठरवावा याचा निर्णय ६६४ साली तेथील धर्मसभेत झाला. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३९ साली मठ बंद पडला. पोस्टगेट माळावरून येताजाता छप्पर उडालेल्या या भिंती पाहत असतील. आपल्या डोळ्यांसमोर एक जग संपलेले आहे हे त्यांना रोज दिसत असेल, आणि तरीही ते पुढच्या वस्तीकडे चालू लागत असतील.

आम्ही हे पाहत असतानाच समुद्रावरून धुके आले. दहा मिनिटांत मठ गेला, समुद्र गेला, शंभर पावलांवरची मेंढरे गेली. बाईंनी आम्हांला एका ओळीत उभे केले आणि एकेकाला क्रमांक दिला. दर पाच मिनिटांनी त्या ‘एक’ म्हणत, मी ‘दोन’ म्हणे आणि आवाज मागे मागे जात चौदापर्यंत पोहोचे. चौदावा क्रमांक पोलिश तरुणाचा होता. त्याचा जाड आवाज ऐकू आला की सर्वांच्या जिवात जीव येई. एकदा मात्र नऊनंतर शांतता झाली. त्या फिलिपिनो भगिनींपैकी एक बुटाची नाडी बांधायला थांबली होती. अर्ध्या मिनिटात ‘दहा’ ऐकू आले, पण त्या अर्ध्या मिनिटाची आठवण माझ्या मनावरून गेलेली नाही. हाक दिली आणि उत्तर आले नाही, हा अनुभव मी दुसऱ्या बाजूने घेतलेला होता.

धुके दाट झाले तसे बाईंनी आम्हांला एका दगडाच्या आडोशाला बसवले. तेथे त्यांनी पोस्टगेट यांच्या अटकेची हकीकत सांगितली. १६७८ साली टायटस ओट्स नावाच्या माणसाने राजाच्या खुनाच्या कॅथलिक कटाची खोटी कहाणी रचली आणि साऱ्या इंग्लंडमध्ये धरपकड सुरू झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पोस्टगेट एका बालकाला स्नानसंस्कार देण्यासाठी अगलबार्नबी जवळच्या रेड बार्न नावाच्या शेतघरी गेले. आम्ही बसलो होतो तेथून ते ठिकाण तासा-दीड तासाच्या अंतरावर. जॉन रीव्ह्ज नावाच्या जकात अधिकाऱ्याने त्यांना तेथे पकडले. १६७९ च्या मार्च महिन्यात यॉर्क येथे खटला झाला. त्यांनी कोणता कट केला हे सिद्ध करण्याची गरजच नव्हती, ते धर्मगुरू होते एवढे पुरेसे होते. ७ ऑगस्ट १६७९ रोजी त्यांना फाशी देऊन त्यांच्या देहाचे तुकडे करण्यात आले. परंपरेप्रमाणे तेव्हा त्यांचे वय ८२ होते. रीव्ह्जला वीस पौंडांच्या बक्षिसाची आशा होती, ते त्याला मिळालेच नाही आणि पुढे त्याचे प्रेत लिटलबेकच्या ओढ्यात सापडले, असे तिकडे सांगतात. २२ नोव्हेंबर १९८७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी पोस्टगेट यांना इतर ८४ हुतात्म्यांसह धन्यवादित घोषित केले.

कथा संपली. कोणी जपमाळ सुरू केली. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

वाचकहो, आता ते ओझे सांगतो. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यातील एक रात्र. डोंगरापलीकडच्या पाड्यावरून सातच्या सुमारास एक मुलगा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन मिशनवर आला. पाड्यावरचे आमचे प्रार्थनाप्रमुख अत्यवस्थ होते आणि त्यांना आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हवा होता. पाऊस कोसळत होता. ओढ्याला पाणी होते. गुडघा सुजलेला होता. मी मुलाला जेवू घातले आणि सांगितले, ‘सकाळी सहाला निघतो. बाबांना सांग, मी येतोय.’ पहाटे चारच्या सुमारास ते गेले.

हे प्रार्थनाप्रमुख साधे वारली शेतकरी. वीस वर्षे त्यांनी पाड्यावरच्या मुलांना प्रार्थना शिकवल्या होत्या. दुसऱ्या कोणी आजारी पडले की बॅटरी घेऊन, डोंगर उतरून, धर्मगुरूला बोलवायला तेच येत. माझ्या आधीच्या तीन फादरांना आणि मलाही त्यांनी अशा रात्री नेले होते. ओढ्यात ते आधी उतरत, पाणी मांडीपर्यंत आहे की कमरेपर्यंत ते पाहत आणि मग हात पुढे करत. त्यांची स्वतःची वेळ आली तेव्हा ओढा मला फार मोठा वाटला. आणि तरीही तो ओलांडता येण्याजोगा होता. हे मी खात्रीने सांगतो, कारण जो मुलगा मला बोलवायला आला, तो त्याच रात्री त्याच वाटेने परत गेला.

देवाची दया तेलाच्या कुपीवर अवलंबून नसते, हे मी सेमिनरीत शिकलो आहे आणि इतरांना शिकवलेही आहे. बाबांच्या तारणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. प्रश्न माझा होता. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवरच्या त्या याजकावर मी अनेक प्रवचने दिली होती. त्याला काय वाटत असेल यावर एकही दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी अंत्यविधी केला, चार शब्द बोललो आणि दुसरे काम आहे असे सांगून घाईने निघालो. त्यांच्या पत्नीच्या नजरेला नजर देणे मला जमले नाही. आमच्या मृतांच्या नोंदवहीत अंतिम संस्कार मिळाले की नाही हे लिहिण्यासाठी एक रकाना असतो. तो मी कोरा ठेवला आणि तीन आठवड्यांनी विमानात बसलो.

त्या दगडाच्या आडोशाला, जपमाळ संपल्यावर, हे सारे मी वाट दाखवणाऱ्या बाईंना सांगितले. ते पापनिवेदन नव्हते. ते मी निघण्यापूर्वीच एका वडीलधाऱ्या धर्मगुरूजवळ केले होते. पण क्षमा मिळाल्यानंतरही काही उरते, आणि ते एखाद्या परक्या माणसाला सांगणे सोपे जाते. मी म्हणालो, ‘ऐंशीच्या घरातला म्हातारा डिसेंबरच्या थंडीत, मरणाचे भय असताना, एका तान्ह्या बाळासाठी हा माळ ओलांडून गेला. मला एक ओढा ओलांडवला नाही.’

बाई लगेच काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘पोस्टगेट यांनी १६६४ साली आपल्या जुन्या सेमिनरीला लिहून कळवलेले आकडे तुम्हांला ठाऊक आहेत का? चौतीस वर्षांत २२६ विवाह, ५९३ स्नानसंस्कार, ७१९ अंत्यविधी. श्रद्धेत आणलेली माणसे सुमारे २४००. मला त्यातला ७१९ हा आकडा नेहमी विचारात पाडतो. त्यांपैकी किती जणांच्या उशाशी ते वेळेवर पोहोचले असतील? बर्फ असेल, पहारे असतील, निरोपच उशिरा मिळाला असेल. मी चाळीस वर्षे याच वस्त्यांवर गेले. पुष्कळदा उशिरा पोहोचले. काही वेळा चूक वाटेची होती, काही वेळा माझी. पण उशीर झाला तरी मी जात असे आणि बसत असे. घरात मेलेले माणूस असते तशी जिवंत माणसेही असतात.’

मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, ‘तुम्ही बसलात का?’

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि चहाचा पेला पुसून थर्मासवर बसवला. मला दोष दिला नाही. माझी समजूतही काढली नाही.

धुके विरळ झाल्यावर आम्ही निघालो. या भागात माळावरून आणि रानातून जाणाऱ्या जुन्या दगडी पायवाटा आहेत. एकेरी ओळीत बसवलेल्या फरशा शतकानुशतकांच्या पावलांनी मध्यभागी झिजून पन्हळीसारख्या झालेल्या असतात. मासळीचे ओझे घेऊन जाणारे, मेंढपाळ, मठवासी असे सारे त्यांवरून चालले. अशा एका फरशीच्या खळग्यात पावसाचे पाणी साचले होते. मी तिच्यावर पाऊल ठेवले, तेव्हा एकाच माणसाच्या चालण्याने दगड झिजत नाही, एवढाच विचार मनात आला. त्याने मला किंचित बरे वाटले. तेवढ्याने माझे काम मात्र संपत नव्हते.

उतार चढापेक्षा कठीण निघाला. लिटलबेकच्या खोऱ्यात उतरताना गुडघ्याने शेवटी हात टेकले. पोलिश तरुण मागून पुढे आला, काही न विचारता माझी पिशवी त्याने आपल्या गळ्यात अडकवली आणि आपला खांदा माझ्या काखेखाली दिला. त्याच्या अंगाला चिखलाचा आणि सिमेंटचा वास येत होता. तसाच हात पूर्वी कितीदा तरी आमच्या ओढ्यात माझ्यापुढे आला होता. मी तेव्हा कोणाकोणाला दुवा दिला ते येथे लिहीत नाही. खाली ओढ्याजवळ आम्ही वर्तुळ करून उभे राहिलो. बाईंनी अगलबार्नबीची दिशा दाखवली, मी आशीर्वाद दिला आणि त्या बारा वर्षांच्या मुलाने विचारले, ‘ज्या बाळाला त्यांनी स्नानसंस्कार दिला, त्याचे पुढे काय झाले?’ आम्हांपैकी कोणालाच सांगता आले नाही. पण तो प्रश्न मला दिवसभरातील सर्वांत चांगला वाटला. आम्ही सारे दिवसभर म्हाताऱ्याविषयी बोलत होतो. तो ज्याच्यासाठी चालत गेला, त्याची आठवण एका मुलालाच झाली.

सप्टेंबरमध्ये मी परतलो. पाऊस ओसरला होता. एका दुपारी कोणाला न कळवता मी डोंगर चढून पाड्यावर गेलो. बाबांची पत्नी दारात वालाच्या शेंगा निवडत बसली होती. आमच्या पाड्यांवर लहानमोठ्या सर्वांना एकेरीच बोलतात, त्यात अनादर नसतो. ‘आलास ना,’ ती म्हणाली. ‘बस.’

मी बसलो. खूप वेळाने म्हणालो, ‘त्या रात्री मला येता आले असते.’

‘ठाऊक आहे,’ ती म्हणाली. ‘पोरगा आला ना परत.’

तिच्या आवाजात राग नव्हता. ‘असू दे’ असेही ती म्हणाली नाही. शेंगांची टोपली तिने माझ्या बाजूला थोडी सरकवली आणि मी त्या निवडू लागलो. मग ती बाबांविषयी बोलू लागली. त्यांना शेवटी तहान फार लागत होती. ‘फादर ओढ्यापाशी आला असेल, कोणी तरी हात द्यायला जा,’ असे ते दोनदा म्हणाले होते. हे वाक्य ऐकण्यासाठीच मी तेथे यायला हवे होते आणि हेच ऐकावे लागेल म्हणून मी आलो नव्हतो. ऊन उतरेपर्यंत मी तेथे होतो. अंधार पडला तेव्हा तोच मुलगा बाबांची बॅटरी घेऊन ओढ्यापर्यंत माझ्याबरोबर आला. पाणी घोट्याएवढेच होते.

त्या रात्री मी मृतांची नोंदवही काढली. बाबांच्या नावापुढचा रकाना अजून कोराच होता. पेन उघडून मी त्यात लिहिले, ‘मिळाले नाहीत. धर्मगुरू गेले नाहीत.’ खाली सही केली आणि तारीख घातली.